गोण्या दसऱ्याआधी पाठवा: वनराई बंधाऱ्यांबद्दल पंचायत समितीला खुलं पत्र

प्रति,
पंचायत समितीचे सभापती, गटविकास अधिकारी आणि तालुका कृषी अधिकारी, तसंच गावोगावचे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आम्ही अजून ग्रामसेवकच म्हणतो) यांस,

विषय: वनराई बंधाऱ्यांचं उद्दिष्ट, त्याची तारीख आणि त्याची मोजणी.

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली की कोकणातल्या गावांना एक पत्र येतं. अमुक ग्रामपंचायतीने लोकसहभागातून अमुक इतके बंधारे अमुक तारखेपर्यंत घालावेत आणि फोटो पाठवावेत. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा हा गोण्यांचा बंधारा आम्हाला परका नाही. वायंगणी (उन्हाळी) भातासाठी दगड, माती आणि पाल्याचा बांध पऱ्यात (ओढ्यात) घालायची रीत इथे आधीपासून आहे. श्रमदानाचाही कंटाळा नाही. आमचं भांडण त्या पत्रातल्या आकड्याशी आणि तारखेशी आहे. आकडा मागितला की आकडा मिळतो. रस्त्याला लागून, गाडीतून उतरून फोटो काढता येईल अशा जागी, एकाच पऱ्यात तीन-तीन मीटरचे ढीग उभे राहतात. कागदावर पाच बंधारे झालेले असतात आणि पऱ्यात पाणी एकाच्याही मागे नसतं.

म्हणून सुरुवातीलाच मागणं सांगतो. गोण्या आणि सुतळी दसऱ्याआधी गावात पोहोचू द्या. बंधारा झाला की नाही ते घातल्याच्या दिवशी न ठरवता १५ जानेवारी आणि १५ मार्चला पाणी पाहून ठरवा. आणि मे महिन्यात बंधारा उतरवणं हे कामातच धरा. ते झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा शेरा मारू नका.

तारखेचं आधी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. पाऊस माघारी गेला की जांभ्याच्या सड्यात (कातळाच्या पठारात) मुरलेलं पाणी पऱ्याला झिरपत राहतं आणि रोज थोडं थोडं कमी होत जातं. डिसेंबर संपता संपता बऱ्याच पऱ्यांत नुसती डबकी उरतात. म्हणजे घाई केली तर परतीच्या पावसाचा एक लोंढा गोण्या घेऊन जातो आणि उशीर केला तर अडवायला पाणीच नसतं. मधले पाच-सहा आठवडे काय ते आपले. त्यातच गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) भाताची कापणी, मग झोडणी, मग दिवाळी. माणसं मिळतात ती या कामांच्या फटीत एखाद-दुसऱ्या रविवारी. त्या रविवारी गोण्या गावात नसल्या तर पुढचा रविवार मिळेलच असं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्या गोण्यांचा बंधारा हा फोटोचाच बंधारा.

पऱ्यात किती पाणी आहे हे सांगायला यंत्र लागत नाही. दोन दगडांमधून किंवा पन्हळीतून सगळी धार एका जागी आणा आणि १५ लिटरची बादली धरून मोबाईलच्या घड्याळावर सेकंद मोजा. दहा सेकंदांत बादली भरली तर सेकंदाला दीड लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १ लाख ३० हजार लिटर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हीच बादली भरायला मिनिट लागत असेल, तर तिथे मोठा बंधारा घालू नये. विहिरीजवळ एखादं छोटं अडवण पुरे.

जागा निवडताना सगळ्यात जास्त चूक होते ती उताराची. पऱ्या शंभर मीटरला एक मीटर उतरत असेल, तर एक मीटर उंचीच्या बंधाऱ्यामागे शंभर मीटरपर्यंत पाणी मागे हटतं. दहा मीटर रुंदी धरली तर ढोबळ हिशेबाने पाच लाख लिटर. तोच पऱ्या वीस मीटरला एक मीटर उतरत असेल, तर तेवढ्याच गोण्या आणि तेवढाच घाम खर्चून एक लाख लिटर. उतार पाहायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. खालच्या टोकाला एक माणूस, वीस मीटर वर दुसरा, दोन्हीकडे पट्टी, आणि फरक वाचायचा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण उद्दिष्टाच्या पत्रात उताराचा रकानाच नसतो, त्यामुळे ते कोणी करत नाही.

काठ दोन्ही बाजूंनी घट्ट आणि निदान दीड मीटर उंच हवेत, नाहीतर फुगलेलं पाणी शेजारच्या शेतात शिरतं. वळणाच्या लगेच खाली बंधारा घालू नये, कारण पाणी बाहेरच्या काठाला घासतं. रस्त्याच्या मोरीच्या तोंडाशी तर मुळीच नको. तळाला कातळ दिसला की लोक खूश होतात, पण जांभा नीट पाहा. भोकाभोकांचा, चाळणीसारखा जांभा असेल तर पाणी बंधाऱ्याच्या खालून आरामात निघून जातं आणि वर कितीही चिखल लिंपला तरी ऐकत नाही. अशा जागा वाडीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतात. पाणी भरणाऱ्या बायकांना त्याहून जास्त ठाऊक असतात: कुठली विहीर कधी तळ गाठते, कुठल्या कोंडीत मार्चपर्यंत म्हशी डुंबतात. जागांची यादी त्यांच्याकडून घ्या.

आणखी एक अडचण खास इथली आहे. काठाची जमीन सामायिक, सातबारावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. गोण्या भरायला माती त्यांच्या जमिनीतून, बंधाऱ्याचा कान, म्हणजे काठात शिरणारं टोक, त्यांच्या काठात. हा विषय नोव्हेंबरात काढला तर काम अडतं. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असतात, तेव्हाच वाडीची बैठक घेऊन जागा दाखवून ठेवावी. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची वर्गणीही त्याच वेळी निघते.

आता गोण्या. दहा मीटर लांब, एक मीटर उंच बंधाऱ्याचा हिशेब असा. सिमेंटची रिकामी गोण पाऊण भरून शिवली की आडवी केल्यावर साधारण ५५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १५ जाड बसते; वजन सुमारे ४० किलो. गोणीची लांबी प्रवाहाच्या दिशेत ठेवायची. खालचे तीन थर तीन-तीन गोण्यांचे, त्यावर दोन थर दोन-दोनचे, वरचे दोन थर एकेकीचे. एका ओळीत पंचवीस गोण्या, एकूण ३७५. कानांना, सांडव्याला (जादा पाणी जायच्या वाटेला) आणि फाटक्यांना धरून सव्वाचारशे मागवाव्यात. नुसत्या भिंतीची माती पंधरा टन होते, म्हणजे साडेतीन ब्रासच्या आसपास, आणि ती सगळी हातांनी उचलायची असते. लोकसहभाग हा शब्द पत्रात लिहिताना हा आकडा शेजारी लिहावा.

गोण पूर्ण भरू नये. गच्च भरलेली गोण गोल होते, दुसरीवर बसत नाही, आणि दोघींमध्ये मूठ जाईल एवढी फट राहते. पाऊण भरलेली चपटी होऊन शेजारणीला बिलगते. तोंड दाभणाने सुतळीचे पाच-सहा टाके घालून शिवावं. नुसती गाठ मारली तर पाण्यात सुटते. शिवलेलं तोंड खाली दुमडून वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला ठेवावं, म्हणजे पाण्याच्या दाबाने ते आणखी घट्ट बसतं. कागदाचं अस्तर असलेल्या गोण्या आठवड्यात पिचतात. त्या पाठवूच नका. खताच्या गोण्या चालतात, पण आधी धुऊन, आणि ते धुणंही पऱ्यात नव्हे. सिमेंटच्या गोण्या झटकताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत.

आत काय भरायचं यावर वाडीवाडीत वाद आहेत. पऱ्यातली नुसती वाळू भरायला सोपी, वजनाला चांगली, पण पाणी धरत नाही. नुसती चिकण माती पाणी धरते, पण ओली झाली की गोण उचलवत नाही. आमचं मत असं: गोणीत वाळूमिश्रित माती, आणि दोन गोण्यांच्या मधल्या फटीत व थराथरात चिकण माती. ही माती पऱ्याच्या काठातून खणू नये. ज्या काठावर बंधारा टेकणार तोच पोखरला, तर पुढच्या पावसाळ्यात काठ बसतो. शेताचे बांध खणणं तर त्याहून वाईट.

बंधारा फुटतो तो क्वचितच मधून. तो खालून किंवा बाजूने जातो. म्हणून पहिला तास एकही गोण ठेवू नये. तळातला गाळ, पाला, मुळं आणि सुटे गोटे घट्ट तळ लागेपर्यंत काढावेत. बंधाऱ्याच्या रेषेत वीतभर खोल चर मारावा आणि दोन्ही काठांत हातभर आत खाच घ्यावी. हे झालेले कान. पहिला थर या चरात बसतो आणि टोकाच्या गोण्या खाचेत शिरतात. कातळ असेल तर चर मारता येत नाही. तिथे कातळ घासून, ओला करून, त्यावर चिकण मातीचा जाड थर देऊन मगच गोणी. दुसऱ्या थराची गोण खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर यायला हवी, विटांच्या बांधकामात येते तशी. प्रत्येक थर पायाने तुडवायचा. शेवटी वरच्या अंगाला पेंढा कुस्करलेल्या चिखलाचा वीतभर लेप, तळाशी जास्त जाड.

दगड मुबलक असतील तिथे गोण्यांचा हट्ट कशाला? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कोकण विजय बंधारा दगड रचून आणि वरच्या अंगाला प्लास्टिकचा कागद लावून होतो. कागदाची खालची कड चरात गाडली नाही तर तोही गळतो, एवढंच.

उंचीचा मोह टाळावा. एक मीटर खोल पाणी बंधाऱ्याच्या दर मीटर लांबीला सुमारे ५०० किलोने ढकलतं. दीड मीटरला हाच जोर ११२५ किलोवर जातो, सव्वादोन पट. उंची दीडपट केली म्हणजे रुंदीही वाढवावी लागते, आणि गोण्या दुपटीच्या वर जातात. लोक काय करतात, तर आहे त्याच पायावर दोन थर वाढवतात, कारण फोटोत उंच दिसतो. तळाची रुंदी उंचीच्या निदान दीडपट असावी आणि उंची एक मीटरवर थांबवावी.

सांडवा हवाच. मध्यभागी तीन गोण्यांच्या रुंदीत वरचा एक थर कमी ठेवायचा आणि पाणी पडतं तिथे खाली सपाट दगड लावायचे. हे केलं नाही तर भरलेलं पाणी जिथे काठ कच्चा तिथून वाट काढतं. मग बंधारा जसाच्या तसा उभा आणि त्याला वळसा घालून पऱ्या वाहतोय, असं दृश्य दिसतं. नोव्हेंबर-डिसेंबरात समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला की अवकाळी सरी येतात. त्या रात्री सांडवा नसलेला बंधारा टिकत नाही.

माणसांचा आकडाही पत्रात फुगलेला असतो. शंभर जण एका दहा मीटरच्या जागेत एकमेकांच्या फावड्यांत येतात. तीस माणसं पुरतात. सहा जोड्या भरायला, चौघं शिवायला, दहा-बारा जण साखळीने गोण पुढे द्यायला, आणि रचायला दोघंच, पण जाणते. जोडीला एक गोण भरायला तीन मिनिटं धरली तरी ३७५ गोण्या तीन तासांहून थोड्या जास्त वेळात होतात. सकाळी आठला तळ साफ करायला लागलं तर दुपारी दीड-दोनला जेवणं. पाहुण्यांची भाषणं शेवटी ठेवा. सुरुवातीला ठेवली तर ऊन चढतं आणि निम्मे लोक फोटो झाल्यावर पांगतात.

शाळेच्या मुलांना ४० किलोच्या गोण्यांना हात लावू देऊ नका. त्यांना बादली-सेकंदाची मोजणी द्या, ती मुलं आनंदाने आणि आपल्यापेक्षा चोख करतात. पायाला जखम असलेल्याने चिखलात उतरू नये. लेप्टोच्या तापाची साथ या जिल्ह्यांना नवी नाही. आणि ज्यांचं पोट मजुरीवर चालतं त्यांच्याकडून लागोपाठ तीन रविवार फुकट काम करून घेणं याला श्रमदान म्हणू नये. जे महिन्याला पगार घेतात त्यांनी आधी फावडं उचलावं.

खालच्या वाडीचा विचार न करता घातलेला बंधारा गावात भांडण लावतो. वरच्या हिशेबातला पाच लाख लिटरचा साठा सेकंदाला दीड लिटरने भरायला चार दिवस लागतात, गळती धरली तर जास्त. तेवढे दिवस खाली पऱ्या कोरडा. तिथे कोणाचा वायंगणाचा तरवा (भाताची रोपं) असेल, कोणाची गुरं पाण्यावर येत असतील. म्हणून एका पऱ्यात अनेक बंधारे असतील तर सर्वांत खालचा आधी, तो भरला की त्याच्या वरचा. खालच्या वाडीला तारीख आधी कळवायची. एवढ्याने अर्धी भांडणं होत नाहीत. उरलेली अर्धी जुनी असतात, त्यांना बंधारा हे निमित्त.

डासांची तक्रार येते, ती काही अंशी खरी आहे. सांडव्यावरून पाणी वाहतंय तोवर त्रास कमी. फेब्रुवारीत वाहणं थांबलं की कडेची डबकी आठवड्यातून एकदा हलवावी किंवा बुजवावी. आरोग्य खात्याचे गप्पी मासे विहिरीत आणि टाक्यांत ठीक आहेत, पऱ्यात सोडू नका. ते पावसाळ्यात सगळीकडे पसरतात आणि इथल्या लहान माशांच्या वाट्याचं खातात.

आता ज्याबद्दल कुठल्याच पत्रात ओळ नसते ते. सिमेंटची गोण प्लास्टिकच्या धाग्यांची असते. सहा महिने ऊन खाल्लं की ती हातात चुरते. जूनच्या पहिल्या पुरात बंधारा वाहून गेला की माती पऱ्यात राहते आणि चारशे गोण्यांच्या चिंध्या मोरीत, शेतात, खाडीत आणि खारफुटीच्या मुळांत जातात. पाणी अडवायला गेलो आणि खाडी घाण करून आलो, असं हे काम होतं. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात आधी सांडव्याकडून दोन थर काढायचे, उरलेलं पाणी हळू सोडायचं, मग २५ मेपर्यंत सगळं उतरवायचं. माती काठाच्या वर पसरायची, प्रवाहात नाही. धड गोण्या वाळवून, मोजून, सुतळीने बांधून शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या माळ्यावर, फाटक्या वेगळ्या. घालताना सव्वाचारशे लिहिल्या असतील तर उतरवताना धड आणि फाटक्या मिळून सव्वाचारशेच लागल्या पाहिजेत. या कामाला माणसं कुठून आणायची? मे महिन्यात सगळी मुंबई गावाला आलेली असते. नोव्हेंबरात जे येऊ शकले नाहीत त्यांचा हा वाटा.

मोजणी कशी करायची तेही सांगतो, म्हणजे ‘ग्रामस्थांना जमणार नाही’ असं उत्तर येणार नाही. बंधाऱ्याजवळची एक विहीर आणि पऱ्यापासून लांबची दुसरी एक विहीर, अशा दोन निवडाव्यात. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सकाळी, कोणी पाणी ओढायच्या आधी, कठड्यापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून अंतर वहीत लिहायचं. दुसरी विहीर का, तर पाऊस दरवर्षी सारखा नसतो. जवळच्या विहिरीचं पाणी चढलं ते बंधाऱ्याने की चांगल्या पावसाने, हे लांबच्या विहिरीशी ताडल्याशिवाय कळत नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एका दगडावर रंगाने दर दहा सेंटिमीटरला रेघ मारावी. फोटो तुम्हाला हवाच असेल तर त्या दगडाचा घ्या: नोव्हेंबर, १५ जानेवारी, १५ मार्च, आणि रिकाम्या पात्राचा मेअखेर. चार फोटो, एकाच जागेवरून.

हेही स्पष्ट लिहितो की वनराई बंधाऱ्याने मे महिन्याची टंचाई मिटत नाही. बहुतेक ठिकाणी पाणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत राहतं, जागा चांगली मिळाली तर मार्चपर्यंत. तेवढ्यात कुळीथ, चवळी, पावटा, मिरची, दारची भाजी निघते, नव्या आंबा-काजूच्या कलमांना पहिल्या उन्हाळ्यात पाणी मिळतं, गुरांची पायपीट वाचते आणि जवळच्या विहिरी काही आठवडे उशिरा आटतात. हे पुष्कळ आहे. त्यावर ‘टँकरमुक्त गाव’ असा फलक लावला की एप्रिलमध्ये लोक फलकाला हसतात आणि पुढच्या नोव्हेंबरात फावडं घेऊन येत नाहीत.

जागांची यादी कुठे ठरवायची यासाठी नवीन समिती नको. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षाला चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात आणि त्याआधी महिलांची सभा. गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असेल ती. ऑगस्टच्या सभेत ‘बंधाऱ्यांच्या जागा’ हा विषय सूचनेत छापून घ्या, ‘आयत्या वेळचे विषय’ यात ढकलू नका. महिलांच्या सभेने दिलेली यादी त्या सभेपुढे आधी वाचा. ठरावात प्रत्येक जागेचा पऱ्या, वाडी, लांबी, उतार आणि काठाच्या जमीनवाल्याची संमती लिहा. असा ठराव तीनच जागांचा आला तर उद्दिष्ट तीनच माना. ज्या गावात योग्य जागा तीन आहेत तिथे दहा मागितले की सात खोटे होणार, आणि त्या सातांत माणसं व गोण्या गेल्याने खऱ्या तिनांचं कामही कच्चं राहणार.

यंदाच्या गोण्यांबद्दल एवढं कळवा: किती, कुठल्या प्रकारच्या, आणि कुठल्या तारखेला गावात पोहोचतील. सुतळी आणि दाभण सोबत पाठवा, दर शंभर गोण्यांना एक दाभण तरी, दाभणं मोडतात. आणि फाटक्या गोण्या जूनआधी तालुक्यात कुठे जमा करायच्या, त्या जागेचं नावही त्याच पत्रात येऊ द्या.

आपले,
पऱ्याकाठच्या वाड्यांमधले बंधारे घालणारे आणि उतरवणारे ग्रामस्थ